खाडा कुणाला परवडतो? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की पेशंटचा केसपेपर बघताना त्याची पगाराची चिठ्ठीपण बघायला पाहिजे. त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढं काही आलं की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. कौतुक करणाऱ्यांची पत्रं बाजूला ठेवलीयेत, भांडणाऱ्यांना आधी घेते.

नवीन वाचकांसाठी एवढंच, की मी सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) शिकवायचे, म्हणजे ज्या लेक्चरला पोरं मागच्या बाकावर झोप काढतात तो विषय. आता रिटायर आहे त्यामुळे बोलायला मोकळी आहे.

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षं स्वयंपाकाला एक मावशी येतात. शुगर २८०च्या पुढे. मी स्वतः त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं, डाएट चार्ट मराठीत लिहून दिला, रोज पाऊण तास चाला म्हणून सांगितलं. शून्य फरक! भात सोडत नाहीत, गोळ्या मध्येच बंद करतात, दाखवायला जा म्हटलं की "बघू ताई". तुम्ही सामाजिक कारणं सामाजिक कारणं म्हणता, पण काही लोकांना स्वतःच्या तब्येतीची पडलेलीच नसते हे मान्य करायला काय हरकत आहे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : हरकत काही नाही. मलाही माझ्या तब्येतीची फारशी पडलेली नाही, गुडघे कुरकुरतात, डॉक्टर असून फिरायला जात नाही, आणि संध्याकाळी चहाबरोबर फरसाण खाते. फरक एवढाच की मला कुणी "या लोकांच्या सवयीच तशा" असं म्हणत नाही, कारण माझी पेन्शन दर महिन्याला येते आणि माझा आळस मला परवडतो.

आता तुम्ही मावशींच्या त्या "बघू ताई"चा हिशोब करून बघा. तुमच्याकडे त्या किती वाजता येतात, त्याआधी किती घरं करतात, नंतर किती? सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची, म्हणजे बरोब्बर पोळ्या लाटायच्या वेळेची. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणजे एक दिवस गेला, रिपोर्ट आणायला दुसरा, औषधं बदलून घ्यायला कदाचित तिसरा. तीन खाडे, प्रत्येक घरी. काही घरी पैसे कापतात, काही घरी कापत नाहीत पण तोंड वाकडं करतात, आणि एखाद्या घरी तेवढ्यात दुसरी बाई लागलेली असते. शुगर काही आज दुखत नाही हो, खाडा मात्र आजच दुखतो. तुम्ही त्या जागी असतात तर तुम्हीही "बघू"च म्हणाला असता, मीही.

आणि पाऊण तास चालायचं म्हणताय, पण चार घरं करणारी बाई दिवसभर चालतच असते की, जिने चढउतार वेगळे!

भाताचं म्हणाल तर रेशनवर जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण ते धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ, अंडी, भाजी हे सगळं विकतच. तुमच्या डाएट चार्टवर सकाळी मोड आलेले मूग, चार वाजता एक फळ, रात्री सॅलड असंच काहीतरी असणार, माझ्याही चार्टवर तेच असायचं, पुष्कळ वर्षं मी तेच छापील कागद वाटत होते आणि समोरच्या बाईने तो कागद नीट घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला की मला वाटायचं काम झालं.

आता यातली सगळ्यात मागची गोष्ट सांगते, तुमच्या पुण्यातलीच आहे. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये बायकांचा, गरोदरपणाच्या आधीपासून, अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो निघालं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण गंमत अशी की ही आपली बारकी बाळं सगळीकडून बारकी नव्हती. स्नायू कमी होते, चरबी मात्र जवळजवळ राखलेली. दिसायला हडकुळी, आतून चरबीवाली, आणि पुढे आयुष्यात चार घास जास्त मिळाले की अशा शरीरात शुगर लवकर येते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की गरोदरपणात ज्या बायका जास्त अंगमेहनत करत होत्या त्यांची बाळं लहान, आणि ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची मोठी. म्हणजे बघा, मावशींच्या शुगरचा एक धागा त्यांच्या आईपर्यंत जातो, जिला सातव्या-आठव्या महिन्यात कुणी विहिरीवरून हंडे आणू नकोस म्हणालं नसेल. तिथे तुमचा चार्ट कसा पोहोचणार?

म्हणून काही करू नका असं नाही म्हणत मी. महिन्याचा एक दिवस ठरवून टाका, पगारी, "हा दवाखान्याचा" म्हणून, आणि बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांनाही तोच दिवस द्यायला लावा, नाहीतर एकटीने देऊन उपयोग नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. काही शहरांत 'आपला दवाखाना' संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असतो, तुमच्या भागात आहे का बघा. मला विचाराल तर त्या योजनेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट ती वेळच आहे.

प्रश्न : मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर माझा वर्ग निम्मा रिकामा होतो, पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. मला सांगायचंय ते वेगळंच. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या आयांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आहे, तिशी-पस्तिशीतच. मी विचारलं तर म्हणतात "कटकट गेली बाई". डॉक्टर लोक पैशासाठी करतात हे सरळ दिसतंय, मग तुम्ही डॉक्टर असून यावर का बोलत नाही? (एक शिक्षिका, बीड जिल्हा. नाव छापू नये.)

उत्तर : बोलते. आणि आधी डॉक्टरांबद्दलच बोलते म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी जातभाईंना सांभाळून घेतेय. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून आलेल्या बाईला सोनोग्राफीत काहीतरी बारीकसं दाखवायचं, "पुढे कॅन्सर होईल" म्हणायचं आणि आठवड्याभरात पिशवी काढायची, याला माझ्या डिक्शनरीत एकच शब्द आहे आणि तो या मासिकात छापता येत नाही. यातल्या बहुतेक बायकांचं दुखणं साध्या इन्फेक्शनचं असतं, नवरा-बायको दोघांनी आठ-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या तर बरं होणारं.

२०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. अख्ख्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. आता मला सांगा, बीडच्या बायकांचं गर्भाशय काही वेगळ्या मातीचं असतं का? आणि डॉक्टर लोभी म्हणाल तर लोभी डॉक्टर पुण्यामुंबईत काय कमी आहेत का? मग इथेच एवढ्या बायका ऑपरेशनला तयार का होतात, हा प्रश्न उरतोच.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, हंगामाच्या आधी उचल (आगाऊ पैसे) देतो, पन्नास हजारापासून लाख-दीड लाखापर्यंत, आणि ती पुढच्या चार-सहा महिन्यांत ऊस तोडून फेडायची, टनाच्या भावाने. पहाटे चारला फडात, दिवसभर वाकून तोडणी, मोळ्या बांधून डोक्यावरून फळीवर चढून ट्रक भरायचा, तो ट्रक रात्री अकरालाही येतो. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, तिला ना मोरी ना संडास, पाणी लांबून आणायचं. पाळीत कपडा धुवायला आडोसा नाही, वाळवायला त्याहून नाही. आणि एक दिवस नाही गेलं कामावर तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड, पाचशे किंवा त्याहून जास्त, तोही दोघांच्या हिशोबात, कारण कोयता अर्धा झाला की नवऱ्याचंही काम अडतं.

पाळीचे चार दिवस गुणिले सहा महिने. हा गुणाकार त्या बाईला तुमच्या माझ्यापेक्षा चांगला येतो. त्यात इन्फेक्शन झालेलं, कंबर धरलेली, दवाखाना लांब, गाव परकं, कधीकधी तर राज्यही परकं कारण टोळ्या कर्नाटकात जातात. मग जी गोष्ट महिन्याच्या महिन्याला खाडा पाडते ती एकदाची काढून टाकली तर बरं, असं तिला वाटतं, नवऱ्याला वाटतं, मुकादमाला तर वाटतंच, आणि तेव्हा डॉक्टरच्या "कॅन्सर होईल" या वाक्याला आयतं रान मिळतं. त्या "कटकट गेली बाई" म्हणतात ना, त्यातली कटकट पाळीची नाहीये, खाड्याची आहे.

पुढचं तर अजून वाईट. ऑपरेशनचे पैसे पुष्कळदा मुकादमाकडूनच घेतलेले असतात, म्हणजे ते पुढच्या उचलीत चढतात, म्हणजे टाके नीट भरले नाहीत तरी फडावर जावंच लागतं. अंडाशयंही काढली असतील तर चाळिशीच्या आतच पाळी जाण्याचे सगळे त्रास, हाडं ठिसूळ, सांधे धरलेले, आणि ज्या कामासाठी हे केलं तेच काम होईनासं होतं.

आणि याची सुरुवात कुठे होते बघा. कोयता जोडीचाच लागतो म्हणून लग्न लवकर लावायचं, पोरगी मागे एकटी ठेवायची भीती म्हणूनही लवकर लावायचं. एनएफएचएस-५ मध्ये (२०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) महाराष्ट्रात १८च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २१.९ टक्के आलं, बीडमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट. सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, एकविसाव्यापर्यंत दोन-तीन, नसबंदी, आणि मग "आता पिशवीचं काय काम?"

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यात पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. चांगलं केलं, सुरीला जरा लगाम बसला. पण खाड्याला कुठे बसला? बाई शहरातल्या ऑफिसात असती तर तिला बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा मिळाली असती, कायदाच आहे. फडावरच्या बाईला मातृवंदना योजनेचे पाच हजार, तेही कागद जुळले तर. एकाच राज्यात दोन गरोदर बायका, आणि एवढा फरक.

तुम्ही एवढं नक्की करू शकता, टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, आशाताई आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) सिस्टरला धरून बायकांची तपासणी शाळेतच लावा, तुमची खोली वापरा, शाळेत यायला बायका लाजत नाहीत. कुणाला ऑपरेशन सांगितलं असेल तर आधी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून मगच हो म्हणायचं, एवढं एक वाक्य प्रत्येकीला पाठ करून द्या. आणि सातवी-आठवीतली मुलगी मागे ठेवायला हंगामी वसतिगृह किंवा आजी, जे असेल ते जुळवून द्या. ती दहावीपर्यंत शाळेत टिकली तर तिच्या पिशवीचा प्रश्न पुष्कळसा तिथेच सुटतो.

प्रश्न : गरिबीमुळे आजार होतात तर आमच्या कंपनीच्या एमडी साहेबांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक कसा आला? त्यांच्याकडे तर तीन गाड्या आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : साहेबांना आला तर ऑफिसभर कळतं, ग्रुपवर मेसेज फिरतो. शिपायाला येतो तेव्हा एचआरला नवीन शिपाई लागतो.

चेष्टा सोडा. लंडनमध्ये १९६७ पासून डोनाल्ड रीड, जेफ्री रोझ आणि मंडळींनी सरकारी नोकरांचा अभ्यास केला, साधारण अठरा हजार पुरुष, व्हाइटहॉल स्टडी म्हणतात त्याला. यात कुणीच उपाशी नव्हतं, सगळे ऑफिसात बसणारे, सगळ्यांना सरकारी दवाखाना फुकट. तरी सगळ्यात खालच्या ग्रेडच्या माणसांमध्ये हार्टने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या ग्रेडच्या तिपटीच्या आसपास निघालं. आणि मधल्या पायऱ्यांवरचे मध्येच, अगदी जिन्यासारखं. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी त्यातला जेमतेम एक-तृतीयांश फरकच उलगडला. मायकेल मारमॉट यांच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, की आपलं काम कधी, कसं, किती करायचं यावर ज्याचा काही ताबाच नाही त्याच्या हृदयाला धोका जास्त. साहेब मीटिंग पुढे ढकलू शकतात. त्यांना टेन्शन असतं हे मान्य, पण छातीत कळ आली की ते "आज नाही येत" म्हणू शकतात.

प्रश्न : आम्ही आधी झोपडपट्टीत होतो, २०११ मध्ये मानखुर्दला पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये घर मिळालं. पक्कं घर, नळ, संडास घरात. झोपडीत कुणाला टीबी नव्हता आणि इथे आल्यावर आधी भावाला, आता माझ्या मुलीला झाला. आई म्हणते वास्तू लाभली नाही. हे काय आहे? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : तुमच्या आईंचं अर्धं बरोबर आहे. दोष वास्तूचाच आहे, फक्त त्याला पूजा घालून चालणार नाही.

खिडकी उघडली की समोर काय दिसतं? समोरच्या बिल्डिंगची खिडकी, हात लांब केला तर पोहोचेल अशी, बरोबर? लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या तुमच्याच भागातल्या वसाहतींचा आयआयटी मुंबई आणि 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने मिळून अभ्यास केला होता. तिथे दोन बिल्डिंगमध्ये तीन-तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर दिवसासुद्धा लाइट लावावा लागतो, हवा हलत नाही. आणि टीबी नेमका तिथे जास्त, जिथे बिल्डिंगी मोकळ्या होत्या तिथे कमी. टीबीचा जंतू हवेत तरंगतो, उन्हात मरतो, वाऱ्याने पांगतो. झोपडीला फटी तरी होत्या हो! पत्रा गळत होता पण वारा येत होता.

मुंबईला हे नवीन आहे असंही नाही, हीच तर चीड येते. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीला प्लेग पहिल्यांदा ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाली, का, तर कोंदट वस्त्यांमध्ये हवा आणि उजेड खेळवायला. सँडहर्स्ट रोड समुद्राचा वारा आत यावा म्हणून कापला, दादर-माटुंग्याच्या कॉलन्या त्यांच्याच, बीआयटी चाळीही त्यांच्याच. पण ट्रस्टने घरं पाडली पुष्कळ आणि गरिबांसाठी बांधली त्यापेक्षा कमी, मग उठवलेली माणसं शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहिली. म्हणजे हवा-उजेड कशाला लागतो हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. नियम शिथिल करून तीन मीटर करताना विसरलं.

आता मुलीचं. डॉट्सच्या गोळ्या पूर्ण करायच्या यात वाद नाही. पण ताटाकडेही बघा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ एक मोठा अभ्यास झाला, रेशन्स नावाचा, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचा. २,८०० टीबी पेशंट आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. पेशंटला तर सगळीकडेच धान्याची थैली दिली, पण निम्म्या ठिकाणी घरच्यांनाही दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. बस, एवढंच. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झालं. तूरडाळीने! आणि पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं तर मरण्याचा धोका निम्म्याहून खाली गेला. आमच्या पुस्तकात हे औषधांच्या चॅप्टरमध्ये यायला पाहिजे खरं तर. इंग्लंडमध्येही टीबीचे मृत्यू उतरायला लागले ते स्ट्रेप्टोमायसिन यायच्या कितीतरी दशकं आधीपासून. पोषण किती, घरं किती, यावर तज्ज्ञ अजून भांडतात, पण गोळी नव्हती एवढं नक्की.

सरकार टीबीच्या पेशंटला निक्षय पोषणमधून महिन्याला हजार रुपये देतं. २०१८ला पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. मुलीचं बँक खातं जोडलंय का बघा, पुष्कळांचं तिथेच अडकतं. आणि भाऊ कुठे कामाला होता? सिक्युरिटी, हाऊसकीपिंग असं काही असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर टीबीसाठी लांबच्या आजारपणाची रजा मिळते, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. हे कंत्राटदार सांगत नाही. माणूस आठ दिवसांत बरं वाटलं की डबा घेऊन ड्यूटीवर जातो, गोळ्या सुटतात, आणि आपण केसपेपरवर लिहितो "पेशंटने उपचार अर्धवट सोडले".

खिडकीसमोर कपाट ठेवलं असेल तर आजच हलवा.

प्रश्न : मॅम, एमपीएससीची तयारी करतोय. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशात सगळ्यात मोठी, मग आरोग्यात केरळ पुढे का? शॉर्टमध्ये सांगा. (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : शॉर्टमध्ये : पैसा राज्यात किती आहे यापेक्षा तो कुणाच्या ताटात उतरतो हे बघायचं.

आकडे पाहिजेत ना तुला, घे. २०२०च्या एसआरएसमध्ये (सरकारचं जन्म-मृत्यूचं नमुना सर्वेक्षण) हजार जन्मांमागे बालमृत्यू केरळमध्ये ६, महाराष्ट्रात १६, देशात २८, मध्य प्रदेशात ४३. म्हणजे आपण वाईट नाही. पण एनएफएचएस-५ मध्ये वाढ खुंटलेली मुलं महाराष्ट्रात ३५ टक्के, रक्त कमी असलेल्या बायका ५४ टक्के, हे श्रीमंत राज्याला शोभतं का? केरळ सत्तरच्या दशकात उत्पन्नाने देशाच्या सरासरीच्याही खाली होतं, तरी तिथे बाळं जगायला लागली होती. मुली आधीपासून शाळेत, जमिनीचं वाटप झालेलं, रेशन दुकान आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, आणि सिस्टर जागेवर नसली तर गावातले लोक जाऊन भांडायचे. शिकलेली आई पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी नेते.

आपल्याकडेही झालेलं आहे, हेही लिही पेपरात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशाताई आज घरी जाऊन बाळाला तपासते त्याचं मूळ तिथे आहे. बाळासाठी आईचा खाडा पडू नये म्हणून दवाखानाच घरी नेला, मी त्याचा अर्थ असा लावते, बंग दांपत्य कदाचित वेगळा लावतील.

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, मी हे आईसाठी लिहिते आहे, ती सांगते तसं. आई पाच घरी धुणंभांडी करते. तिला डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय, आठ-दहा दिवस पाण्यात आणि विस्तवासमोर काम करू नका म्हणाले. तिने एका घरी विचारलं तर त्या म्हणाल्या करून घे पण मग मी दुसरी बघते. आई विचारते की सुट्टी मागायची तर कशी मागायची, काम न जाता? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुझ्या आईला आधी हे सांग की हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. १९८०मध्ये पुण्यात एका घरकाम करणाऱ्या बाईला आजारपणात चार दिवस सुट्टी घेतली म्हणून कामावरून काढलं, तर आजूबाजूच्या बायकांनी कामं बंद केली. कुणी पुढारी नाही, काही नाही, आपापसात ठरवून. त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. नंतर २००८मध्ये राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात पगारी रजेचा हक्क नाही, ती खोट आहेच, पण नोंदणी करून घ्या, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात होते, १८ ते ६० वयापर्यंत.

आता ऑपरेशनचं. मोतीबिंदू असेल तर सरकारी दवाखान्यात फुकट होतं. डॉक्टरांना सांगा की चिठ्ठीवर "दहा दिवस ओलं काम नाही" असं मराठीत, तारखा घालून लिहून द्या. डॉक्टर देतात, मी शेकडो दिल्यात. बोलण्यापेक्षा कागदाला मान जास्त. ती चिठ्ठी पाचही घरी दाखवायची, आणि "सुट्टी मिळेल का" असं विचारायचं नाही, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी नाही, अमक्या तारखेला येते" असं सांगायचं. शेजारपाजारची ओळखीची बाई असेल तर तिच्याशी आधीच अदलाबदल ठरवा, आत्ता तिने आईची घरं करायची, उद्या तिला लागलं तर आईने. म्हणजे मॅडमना दुसरी बघायची वेळच येत नाही.

ज्या बाईंनी "मी दुसरी बघते" म्हटलं त्यांचं घर शेवटी सांगायचं. चार घरांनी हो म्हटलेलं असलं की पाचवं बहुतेक हो म्हणतं. नाही म्हटलं तर मला कळवा, मी त्यांना पत्र लिहीन, त्या कदाचित हे मासिक वाचतही असतील.